आम्ही दुपटे शिवतो

छत्तीस वर्षे मुलांस मराठी आणि संस्कृत शिकविल्यानंतर, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, आमच्या हाती सुई आली. ती आम्ही हौसेने घेतली असे म्हणावे तर ते खरे होणार नाही, आणि कोणी बळेच दिली असे म्हणावे तर तेही खरे नाही. घडले ते असे. गेल्या मार्गशीर्षात आमच्या धाकट्या कन्येने बंगळुराहून दूरध्वनीवर कळविले की तिला दिवस गेले आहेत. पहिले बाळंतपण माहेरी व्हावयाचे हे ठरलेलेच होते. त्या रात्री आमच्या सौभाग्यवतीने माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढविली आणि तिच्या तळाचे एक गाठोडे आपल्या पलंगावर आणून ठेवावयास सांगितले. गाठोड्याची गाठ डाव्या हाताने सोडविण्याचा तिने बराच वेळ यत्न केला. श्रावणात तिच्या उजव्या अंगावरून वारे गेले. तेव्हापासून तो हात, कोणीतरी सांभाळावयास दिलेल्या परक्या वस्तूसारखा, तिच्या मांडीवर पडून असतो. वाचा आणि बुद्धी मात्र ईश्वरकृपेने शाबूत राहिली.

गाठ शेवटी आम्ही सोडविली. आत जुनेर होते. आमच्या मातोश्रींचे एक नऊवारी इरकली लुगडे, सौभाग्यवतीची दोन सुती पातळे, आणि आमची पूजेची दोन जुनी धोतरे. आमची तिन्ही मुले व थोरल्या चिरंजीवांची दोन, अशी पाच बाळे तिने स्वतः शिवलेल्या दुपट्यांवर लोळून मोठी झाली. हे सहाव्यासाठी बाजूला काढून ठेवलेले होते. तिने त्या घडीवरून एकदा हात फिरविला व म्हणाली, "शिवणाच्या बाईंकडे देऊन टाका. यंत्रावर तासाभरात करून देतील."

आम्ही म्हणालो, "मी शिवतो."

पाठ न करता हात वर करणाऱ्या मुलाकडे आम्ही ज्या दृष्टीने पाहत असू, त्या दृष्टीने तिने आमच्याकडे पाहिले.

कोणी गोधडी म्हणतात, कोणी वाकळ म्हणतात. तिचेच हे धाकटे भावंड. दुपटे म्हणजे दोन पटांचे, असा शब्दाचा अर्थ सरळ आहे. पण आमच्या घरच्या दुपट्याला पदर पाच. खाली पातळ, वर लुगडे, आणि मध्ये धोतरांच्या तीन घड्या. लांबी दोन हात, रुंदी दीड हात. आम्ही प्रथम सुचविले की एवढी मोठी गोष्ट घडत आहे तर बाजारातून चांगले नवे कापड आणू. त्यावर आम्हांस असे कळले की नव्या कापडाला खळ असते, ते अंगाला टोचते, आणि पहिल्या धुण्यात आटून आजूबाजूच्या जुन्या कापडास चुण्या पाडते. उलट शंभर वेळा धुतलेले लुगडे जे काही आटावयाचे ते आटून चुकलेले असते आणि बाळाच्या कातडीपेक्षा मऊ झालेले असते. इरकलीचा रेशमी पदर आणि काठ कापून टाकावयाचे. जर कोठेही राहता कामा नये. डॉक्टरीणबाईंनी कन्येस बजावले होते की तान्ह्याला झोपविताना अंगावर जाड पांघरूण घालू नये. तेव्हा हे दुपटे दिवसा, कोणाच्या तरी नजरेसमोर, खाली अंथरावयाचे, वर घालावयाचे नव्हे, हेही ठरले. एका गोटापुरते लाल कापड नवे घेण्याची परवानगी आम्ही मोठ्या मिनतवारीने मिळविली. ते रात्रभर पाण्यात भिजत घातले. सकाळी पाहतो तो बादलीत कुंकू कालविल्यासारखे पाणी! तीन दिवस पाणी बदलले तेव्हा कोठे ते स्वच्छ राहू लागले. त्या तीन दिवसांत सौभाग्यवती त्या विषयावर एक अक्षरही बोलली नाही, हे येथे कृतज्ञतेने नमूद करून ठेवतो.

संक्रांत झाल्यावर आम्ही प्रत्यक्ष कामास बसलो. सौभाग्यवती पलंगावर, आम्ही खाली सतरंजीवर. वर्गात गुरुजी उंचावर आणि शिष्य खाली, हीच रीत. फक्त आमची जागा बदलली होती.

पहिला प्रश्न सुईत दोरा ओवण्याचा. वाचकांपैकी ज्यांचा मोतीबिंदू काढून झाला आहे त्यांस याविषयी अधिक सांगणे नको. दोऱ्याचे टोक ओठांत धरून ओले केले, दिव्यासमोर धरले, खिडकीसमोर धरले. सुईचे नाक कधी दिसे, तर कधी एकाची दोन दिसत आणि दोरा नेमका खोट्या नाकाकडे जाई. अर्धा तास गेल्यावर शेजारची नऊ वर्षांची मुलगी शाळेस जाता जाता आत डोकावली, आणि "आजोबा, द्या इकडे" म्हणून तिने ते एका श्वासात केले. त्या दिवसापासून ती रोज सकाळी आमच्या पुड्यातील सातही सुया ओवून, उशीला ओळीने टोचून जात असे. आम्ही आनंदाने दोरे चांगले वावभर लांब मागितले, म्हणजे पुन्हा पुन्हा ओवणे नको. "लांब दोरा आळशाचा," पलंगावरून आवाज आला. आम्ही ऐकले नाही. त्या लांब दोऱ्याने दर चौथ्या टाक्याला स्वतःभोवती अशा काही गाठी घातल्या की पाणिनीची अवघड सूत्रे त्यापुढे सुटसुटीत वाटावीत. दुसऱ्या दिवसापासून दोरा हातभर.

मग पदरांची पाळी. पाच पदर एकावर एक पसरून चार कोपऱ्यांवर वरवंटा, दोन तांबे आणि एक पाट ठेवला. लेखी हे सोपे दिसते. वस्तुतः वरचा पदर सारखा केला की खालचा सरके, खालचा ओढला की मधल्याला घडी पडे. पाच पदरांचे एकमत होणे हे पाच पंचांच्या एकमताइतकेच दुर्मीळ. कच्चे टाके मधून कडेकडे घालीत जावे, म्हणजे हवा आणि सैलपणा बाहेर निघून जातो, असे सौभाग्यवतीने सांगितले होते. आम्हांस वाटले की कड आधी पक्की केली म्हणजे आतले सर्व आपोआप बंदिस्त राहील. बंदिस्त राहिले खरे. कडेने गोट लावला, मग बोटभर अंतर सोडून आत धावदोऱ्याची दुसरी फेरी, मग तिसरी, अशा फेऱ्या मध्याकडे जाऊ लागल्या, तसा कडेचा सगळा सैलपणा आमच्यापुढे पळत पळत मध्यभागी जमा झाला. आठव्या दिवशी दुपट्याच्या पोटात चांगला फुगा दिसू लागला. तो आम्ही तळहाताने दाबून पाहिला. एकीकडे दबे, दुसरीकडे वर येई.

त्यापूर्वीच, पहिल्या आठवड्यात, आणखी एक प्रकार होऊन गेला होता. संध्याकाळी आम्ही मोठ्या समाधानाने काम उचलावयास गेलो, तो दुपट्याबरोबर सतरंजीही उठली. एक वीतभर आम्ही दोघांस एकत्र शिवून टाकले होते. ते टाके, सांगावयास हरकत नाही, त्या दिवसाचे सर्वांत सरळ टाके होते.

बोटे टोचत ती निराळीच. अंगुस्तान घालावयाचे आम्ही नाकारले होते, कारण त्यात बोट आंधळे होते. विश्वामित्रामागून निघालेल्या राम-लक्ष्मणांनीदेखील अंगुलित्राण बांधले होते, ही गोष्ट पन्नास मुलांस शिकवून झालेली असताना ती स्वतःस लागू करण्याचे आम्हांस सुचले नाही. पांढऱ्या धोतरावर रक्ताचा ठिपका पडला तेव्हा आम्ही ऊन पाणी आणावयास उठलो. "ऊन नको, डाग धरेल. थंड पाणी, आणि आत्ताच्या आत्ता," असे पलंगावरून फर्मान आले. डाग निघाला. अंगुस्तान दुसऱ्या दिवशी घातले.

परंतु या सर्वांहून मोठे दुःख टाक्यांचे. एक टाका तांदळाएवढा तर पुढचा शेंगदाण्याएवढा. ओळ निघे पूर्वेस आणि पोहोचे आग्नेयेस. आम्ही जितके डोळे ताणून, जितका श्वास रोखून, जितक्या निश्चयाने सुई खुपशीत असू, तितकी ती अधिक वाकडी जाई. सौभाग्यवती पाहत असे. पहिले काही दिवस तिने पाहिले. मग तिचा डावा हात पांघरुणावर आपोआप हलू लागला, बोटे चिमटीत येऊन जाऊ लागली. आणि एके दिवशी तिने तोंड भिंतीकडे केले. आम्हांस वाटले झोप लागली. पाठ हलत होती त्यावरून कळले की झोप नव्हे. ज्या हाताने पाच दुपटी शिवली तो हात जिवंत शरीराला लागून निर्जीव पडलेला, आणि समोर एक अडाणी माणूस तिने वर्षानुवर्षे सांभाळून ठेवलेल्या लुगड्याची दुर्दशा करीत बसलेला. हे सोसणे काय असेल, याचा आम्ही तोपर्यंत विचारच केला नव्हता. आमची सगळी तक्रार आपल्या बोटांची होती. आम्ही काम गुंडाळून ठेवले व दोन दिवस त्यास हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "आणा ते इकडे. माझ्याजवळ बसा. आता सुई धरा. हं. आता ती हलवूच नका."

"न हलविता टाका कसा पडेल?"

"सुई जागच्या जागी राहू दे. डाव्या हाताने कापड वरखाली करा. कापड आपणहून सुईवर येईल."

आम्ही तसे केले. कापड वर, कापड खाली, वर, खाली. सुईवर चार टाके ओळीने येऊन बसले, एकाच मापाचे. ती काढली, पुन्हा तसेच केले, पुन्हा चार. अहो, इतके दिवस आम्ही उजव्या हाताचे काम समजून जे करीत होतो, ते मुळी डाव्या हाताचे काम होते!

त्या रात्री आम्हांस झोप लवकर आली नाही. आमच्या हाताखालून शेकडो मुले गेली. त्यांच्या शुद्धलेखनाच्या वह्यांवर आम्ही तांबड्या शाईने 'अक्षर सुधारा' असे लिहीत आलो. कोणाचे अक्षर फारच गचाळ असले तर दोनदा अधोरेखित करीत असू, आणि एका मुलाच्या बोटांवर तर आम्ही पट्टीही मारली. तो मुलगा डोळे ताणून, श्वास रोखून, जीभ दातांत धरून लिहीत असे. त्याच्या टाकाचे टोक कागदात रुतत असे. सुधारा म्हणजे नेमके काय करू, हे त्याने आम्हांस कधी विचारले नाही, कारण विचारण्याची सोय नव्हती. आणि आम्ही कधी सांगितले नाही, कारण आम्हांस ठाऊक नव्हते. टाक कोठे धरावा, मनगट कोठे टेकावे, बोटे हलवावी की हात, कागद तिरपा ठेवावा की सरळ, यांतले एकही वाक्य छत्तीस वर्षांत आमच्या तोंडून गेल्याचे स्मरत नाही. आमचे स्वतःचे अक्षर लहानपणापासून चांगले होते. तो मुलगा आता कोठे असेल कोण जाणे. पन्नाशीला आला असेल.

असो. टाके सरळ पडू लागले आणि आम्हांस थोडा गर्व झाला. मन मोकळे झाले की ते इकडे तिकडे फिरते. शिवता शिवता एके दुपारी आम्हांस 'कंथा' शब्द आठवला. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात कंथा येते ती विरक्ताच्या अंगावर, चिंध्या जोडून केलेली. बंगाल्यांनी तोच शब्द आपल्या जुन्या साड्यांच्या नक्षीदार पांघरुणास ठेवला. पाणिनीच्या अष्टाध्यायीतही कंथा आहे, पण तिकडे उशीनर देशातील गावांच्या नावांत ती येते, पांघरूण म्हणून नव्हे. चिंध्यांची गोधडी आणि घरांचे गाव यांस एकच शब्द का असावा, या विचारात आम्ही उठलो, आपट्यांचा कोश काढला, बराच वेळ पाने चाळली, आणि परत येऊन पुढचे टाके घालू लागलो. कोशातून काय मिळाले ते येथे सांगण्याजोगे नाही. जे कोशात गेले ते मात्र पुढे सांगतो.

सौभाग्यवतीचा एक नियम पहिल्या दिवसापासून होता: सुया मोजून घ्यावयाच्या आणि मोजून ठेवावयाच्या. टाके सरळ येऊ लागल्यापासून आम्हांस हा नियम पोरकट वाटू लागला होता, आणि चार दिवस आम्ही मोजले नव्हते. पाचव्या दिवशी सकाळी शेजारची मुलगी म्हणाली, "आजोबा, सहाच आहेत."

आम्ही उशी झटकली, सतरंजी झटकली, फरशीवरून हात फिरविला, केरसुणीची काडी न् काडी पाहिली. सुई नाही. दुपटे समोर पसरलेले होते. पाच पदर, त्यांत कोठेही एक बारीक सुई आडवी जाऊन बसली असेल तर वरून दिसणारी नव्हती. मुलीने शाळेतून येताना आपल्या विज्ञानाच्या संचातला लोहचुंबक आणला. तो आम्ही दुपट्याच्या दोन्ही अंगांनी फिरविला. काही लागले नाही. मुलगी म्हणाली, नाहीच आहे यात. आम्हीही मनाशी म्हणालो, नाहीच आहे. आणि मग, सहासष्ट वर्षांच्या माणसाने सांगू नये अशी गोष्ट सांगतो: आम्ही ही गोष्ट सौभाग्यवतीपासून लपविली. बाजारातून एक सुई आणून सात पुऱ्या केल्या.

लपविणे रात्री साडेनऊपर्यंत टिकले. दिवा मालविल्यावर अंधारात आम्हीच सांगून टाकले. ती काही वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाळाच्या पाठीखाली घालायचे आहे."

"लोहचुंबक फिरविला आहे."

"उसवा," ती म्हणाली.

दिवा लावला. रात्री अकरापासून पहाटेपर्यंत आम्ही जवळजवळ महिनाभराचे काम उसवीत बसलो. उसविणे हे शिवण्याच्या चौथ्या हिश्श्याच्या वेळात होते, पण तो वेळ फार लांब वाटतो. ती जागी होती. कात्रीचे टोक टाक्याखाली कसे घालावे म्हणजे जुने कापड फाटणार नाही, एवढेच मधूनमधून सांगत होती. गोट निघाला, लुगडे निघाले, धोतरांच्या घड्या एकेक करून दिव्यापुढे धरल्या. पाचही पदर सुटे झाले. सुई नव्हती.

सकाळी चहा झाल्यावर, निदान काहीतरी जागेवर ठेवावे म्हणून, आम्ही टेबलावर पडून राहिलेला आपट्यांचा कोश उचलला. तो क-कारात आपणहून उघडला. कंथेच्या पानात, खूण म्हणून नीट आडवी टोचून ठेवलेली, अर्धा हात दोऱ्यासकट, आमची सुई होती.

कोश तसाच उघडा घेऊन आम्ही पलंगापाशी गेलो. सौभाग्यवतीने सुई पाहिली, कोश पाहिला, आमचे तोंड पाहिले. श्रावणापासून त्या दिवसापर्यंत ती हसली नव्हती. तोंडाची उजवी बाजू अजून नीट उचलत नाही, त्यामुळे ते हसू अर्धेच उमटले. पण ते इतका वेळ चालले की शेजारची मुलगी काय झाले म्हणून पाहावयास आली.

दुसऱ्या वेळी आम्ही कच्चे टाके मधून कडेकडे घातले. फुगा आला नाही. सुया सकाळी सात, संध्याकाळी सात. चैत्रात कन्या सातव्या महिन्यात माहेरी आली तेव्हा मध्यावरची चार बोटे जागा तेवढी शिवावयाची उरली होती. ती पुरी करावयास बसलो, तशी सौभाग्यवती म्हणाली, "थांबा. जरा वर आणा." आम्ही दुपटे तिच्या मांडीवर ठेवले. "तुम्ही सुई धरा. हलवायची नाही, ठाऊक आहे ना?" आम्ही सुई धरली. तिने डाव्या हाताने कापड पकडले व वरखाली करू लागली. पहिल्यांदा दोन टाके निसटले. मग बोटांस जुनी चाल सापडली. आम्ही सुई ओढून काढावी, पुन्हा धरावी, तिने कापड हलवावे. असे करीत ती चार बोटे आम्ही दोघांनी मिळून भरली. तास लागला. दोघांनी एकही शब्द बोललो नाही.

ज्येष्ठाच्या शेवटी, पाऊस लागला त्याच आठवड्यात, नात झाली. बाराव्या दिवशी बारसे झाले. कन्येने दुपटे अंथरताना त्यावरून बोट फिरविले, कडेकडून आत नेत नेत मध्यावर आली आणि तेथे थांबली. "आई, हे मधले टाके तुझे आहेत," ती म्हणाली. तिला कोणी काही सांगितले नव्हते.

नातीने त्या दुपट्याचा यथोचित सत्कार पहिल्या दहा मिनिटांतच केला. ते धुऊन दांडीवर टाकले. पाऊस असल्यामुळे दोन दिवस वाळले नाही. पावसाळ्यात एका दुपट्याने भागत नाही, निदान तीन हवीत, असे सौभाग्यवतीचे म्हणणे पडले, आणि पत्र्याची पेटी पुन्हा खाली आली. आता तिचे एक निळे पातळ आणि आमचा एक जुना मलमलीचा सदरा निघाला आहे. सदऱ्याची बटणे काल काढली. आज सकाळी मुलगी येऊन सुया ओवून गेली. आम्ही मोजल्या, सौभाग्यवतीनेही मोजल्या. आठ आहेत.